पोया माशी, तिचं घरटं आणि तिचा मध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोया माशी म्हणजे नेमकी कोणती? ती खरंच मधमाशी आहे का?

मधमाशीच आहे. काळसर, मुंगीला पंख फुटल्यासारखी दिसणारी, जेमतेम चार मिलिमीटरची ही माशी बहुतेक लोक घुंगुरटं समजून हाताने उडवून लावतात. जवळून पाहिलं तर मागच्या पायांवर परागाचे किंवा राळेचे गोळे दिसतात. तिच्या वसाहतीत राणी असते, कामकरी असतात, नर असतात आणि मधाचा साठाही असतो. फरक एवढाच की तिला नांगी मारता येत नाही.

अशा नांगी नसलेल्या मधमाश्यांच्या गटाला शास्त्रज्ञ मेलिपोनिनी म्हणतात. जगभरात त्यांच्या ५००हून अधिक जाती आहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत त्या सर्वांत जास्त आढळतात, शिवाय आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. कडक थंडीचे प्रदेश त्यांना मानवत नाहीत. मराठीत आपण जिला पोया म्हणतो ती टेट्रागोन्युला वंशातली, पण सोयीसाठी या पानावर सगळ्याच गटाला पोया म्हटलं आहे. या गटात दोन-तीन मिलिमीटरच्या माश्या आहेत, तशाच अमेरिकेतल्या मेलिपोना वंशातल्या चांगल्या धष्टपुष्ट माश्याही आहेत.

हे घराणं फार जुनं आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी इथे सापडलेल्या अंबरमध्ये क्रेटोट्रायगोना नावाची एक कामकरी माशी अडकलेली आहे. ती डायनासोरांच्या काळाच्या अखेरीची, म्हणजे सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीची आहे. तिला पकडून ठेवणारं अंबर म्हणजे झाडाची राळच. हीच राळ आजही या माश्यांच्या घराचा पाया आहे आणि पुढच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

नांगी अजिबातच नसते का? मग घराचं रक्षण कसं करतात?

नांगीचा अवशेष उरलेला असतो, पण तो डंख मारण्याच्या कामाचा नाही. म्हणून या माश्या दुबळ्या ठरत नाहीत. त्या झुंडीने येऊन केसांत, कानांत, भुवयांत शिरतात आणि चावतात. काही जातींच्या कामकरी माश्या चावा सोडण्यापेक्षा मरण पत्करतात. शत्रू मुंगीएवढा असेल तर त्याच्या अंगावर चिकट राळ फासून त्याला जागेवरच खिळवतात. अमेरिकेतल्या ऑक्सिट्रायगोना माश्यांच्या जबड्यांजवळच्या ग्रंथींतून फॉर्मिक आम्ल असलेला द्रव येतो आणि त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

दक्षिण अमेरिकेतल्या जताई माशीची पद्धत मला सर्वांत विलक्षण वाटते. तिचे पहारेकरी घरट्याच्या तोंडासमोर हवेत एकाच जागी तरंगत राहतात. हे पहारेकरी इतर कामकरी माश्यांपेक्षा सुमारे ३० टक्के वजनदार असतात, हे २०१२ साली संशोधकांनी दाखवलं. त्यांना सैनिकच म्हणायला हवं.

घरटं कुठे असतं आणि ओळखायचं कसं?

झाडाची ढोली, भिंतीतली फट, खडकातली कपार, पोकळ बांबू अशी कुठलीही बंद, कोरडी पोकळी त्यांना चालते. काही जाती जमिनीखाली घर करतात. काही वाळवीच्या वारुळात किंवा मुंग्यांच्या वसाहतीत भाडेकरूसारख्या राहतात. ट्रायगोना स्पिनिपेस ही ब्राझीलमधली माशी मात्र फांदीवर उघड्यावर मोठा गोळा बांधते.

बाहेरून खूण एकच असते, ती म्हणजे तोंड. बहुतेक जातींत मेण आणि राळेची एक छोटी नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या कडेवर चार-सहा माश्या डोकी बाहेर काढून बसलेल्या असतात. काही जातींची नळी हातभर लांब होते, तर पार्टामोना माशी बेडकाने आ वासावा तसं रुंद तोंड मातीने घडवते. जाणकार माणूस तोंडाच्या घडणीवरूनच आतली माशी कोणत्या वंशातली ते बऱ्याचदा सांगतो. कित्येक जाती संध्याकाळी हे तोंड मऊ मेणाच्या जाळीने बंद करून घेतात आणि सकाळी पुन्हा उघडतात.

आत काय असतं? पोळ्यासारखी षट्कोनी घरं असतात का?

नेहमीच्या पोळ्याची कल्पना इथे बाजूला ठेवावी लागते. पोयाचा मध षट्कोनी घरांत नसतो, बोळक्यांत असतो. तपकिरी मेणाची गोलसर, तोंड बंद केलेली ही बोळकी एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखी रचलेली असतात. लहान जातींत त्यांचा आकार वाटाण्याएवढा, तर मेलिपोनासारख्या मोठ्या जातींत अक्रोडापेक्षाही मोठा असतो. काही बोळक्यांत मध असतो आणि काहींत पराग, पण दोन्ही एकाच बोळक्यात नसतात.

मधोमध पिलावा असतो, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष यांचा भाग. काही जातींत पिलाव्याच्या चकत्या आडव्या, एकीवर एक रचलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातली टेट्रागोन्युला कार्बोनारिया त्यांची चक्राकार जिन्यासारखी रचना करते. आपली पोया चकत्या करतच नाही, तिच्या कोठड्या मोत्यांची ओंजळ सांडावी तशा पुंजक्याने असतात. आफ्रिकेतली डॅक्टिल्युरिना ही वेगळीच निघाली. तिच्या चकत्या नांगीवाल्या मधमाश्यांसारख्या उभ्या आणि दुतर्फा असतात. बऱ्याच जाती पिलाव्याभोवती पातळ मेणाचे पापुद्रे गुंडाळतात, त्याने ऊब टिकते. सगळ्यांत बाहेर राळ, माती, मेण आणि हाताला लागेल ते मिसळून केलेली टणक भिंत असते.

हे मेणही निव्वळ मेण नसतं. कामकरी माश्या अंगातून स्रवणाऱ्या मेणात झाडांची राळ कालवतात आणि त्याची लवचिक, गडद, सुवासिक लगदी करतात. मधाची बोळकी, नळ्या, खांब, पडदे सगळं तिच्यातूनच घडतं. म्हणजे मध महिनोन्‌महिने या राळेच्या भांड्यात मुरत असतो. त्याच्या चवीचं अर्धं गुपित इथेच आहे.

राळ एवढी कशासाठी लागते?

बांधकामासाठी, जलरोधनासाठी, रोगजंतू आटोक्यात ठेवण्यासाठी आणि लढण्यासाठी. घरट्यात एका बाजूला चिकट राळेचे साठे मुद्दाम ओले ठेवलेले असतात. पोळी पोखरणारा एक छोटा भुंगेरा ऑस्ट्रेलियात कार्बोनारियाच्या घरट्यात शिरला की कामकरी त्याच्यावर तुटून पडतात आणि राळ, मेण व माती फासून त्याला जिवंतपणीच लिंपून टाकतात. संशोधकांनी २०१० साली हे नोंदवलं तेव्हा त्याला ममी करण्याचीच उपमा दिली होती.

राळेच्या ओढीपायी झाडाचं बी वाहून नेणारी मधमाशीही ऑस्ट्रेलियात आहे. कोरिंबिया टोरेलियाना या झाडाच्या फळात आतल्या बाजूने राळ असते. माश्या ती गोळा करताना बिया पायांना चिकटतात आणि घरापर्यंत येतात. मग घरट्याच्या तोंडाखाली त्याच झाडाची रोपं उगवतात.

पिल्लांना कसं वाढवतात?

कामकरी माशी कोठडी बांधते, तिच्यात पातळ अन्न भरते, राणी त्यावर एक अंडं घालते आणि लगेच झाकण लागतं. पुढचे सगळे दिवस अळी त्या एकाच शिदोरीवर काढते, तिला कोणी भरवायला येत नाही. नांगीवाल्या मधमाश्यांची पद्धत याच्या उलट आहे, त्यांची अळी उघड्या घरात असते आणि तिला वारंवार अन्न मिळतं.

अंडं त्या पातळ अन्नावर उभं तरंगत असतं, हे लक्षात ठेवा. घरटं उलटं झालं की अंडं बुडून मरतं. हा एक तपशील ठाऊक नसल्याने चांगल्या हेतूने हलवलेली कितीतरी घरटी वाया जातात.

ब्राझीलमधल्या स्कॅप्टोट्रायगोना डेपिलिस जातीत २०१५ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. कोठडीत एक बुरशी वाढते आणि अळी ती खाते. ती बुरशी न मिळाल्यास फारच थोड्या अळ्या जगतात. त्यामुळे पिकांवरचं बुरशीनाशक या माशीला कीटकनाशकाइतकंच घातक ठरू शकतं.

वसाहत दुसरीकडे जाते तेव्हा जुनी राणी उडून जाते का?

नाही, जाऊच शकत नाही. अंड्यांनी पोट फुगलेल्या राणीला उडता येत नाही. नवी जागा आधी कामकरी माश्या शोधतात आणि मग आठवडेच्या आठवडे जुन्या घरातून मेण आणि मध वाहून नेऊन ती सजवतात. घर तयार झालं की कोवळी राणी तिकडे जाते. लेकीचा संसार असा माहेरच्या शिदोरीवर उभा राहतो. म्हणूनच पोया माशी पटापट पसरत नाही. जुन्या घरापासून फार लांब तिला जाता येत नाही, आणि एका परिसरातली जुनी ढोलीची झाडं गेली की तिथे ती पुन्हा यायला फार वेळ लागतो.

या माश्या नाचून पत्ता सांगतात का?

नांगीवाल्या मधमाशीसारखा दिशा सांगणारा नाच त्यांच्यात नाही. काही जाती वाटेवर पानांवर, दगडांवर गंधाच्या खुणा ठेवत येतात. मार्टिन लिंडाउअर आणि वॉरविक केर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये त्याचे सुंदर प्रयोग केले होते.

सगळ्याच जाती फुलांवर जगतात ना?

बहुतेक सगळ्या. अपवाद मात्र ऐकून थक्क व्हावं असे आहेत. ट्रायगोना हायपोगिआ आणि तिच्या दोन बहिणी परागाऐवजी मेलेल्या प्राण्यांचं मांस गोळा करतात. डेव्हिड रूबिक यांनी १९८२ साली हे जगापुढे आणलं. लेस्ट्रिमेलिटा माश्या फुलांवर जाण्याऐवजी इतरांच्या घरट्यांवर दरोडा घालतात आणि हल्ल्याच्या वेळी लिंबासारखा वास सोडतात. थायलंडमध्ये लिसोट्रायगोनाच्या चिमुकल्या माश्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी पिताना आढळल्या आहेत.

पोयाचा मध पातळ आणि आंबट लागला. तो भेसळीचा आहे का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. नेहमीच्या मधात पाणी साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी असतं, तर पोयाच्या मधात ते सहसा २५ ते ३५ टक्के असतं. तो बोळक्यात थोडा आंबतोही, म्हणून जिभेला आंबटपणा जाणवतो आणि मागून राळेचा किंचित कडसर सुगंध येतो. नेहमीच्या मधाच्या मोजपट्टीवर तो नापासच होणार, कारण ती मोजपट्टी त्याच्यासाठी बनलेलीच नाही. मलेशियाने २०१७ साली या मधासाठी स्वतंत्र मानक केलं आणि त्यात ३५ टक्क्यांपर्यंत पाणी मान्य केलं. मला ते योग्य वाटतं.

उलट अतिशय घट्ट, निव्वळ गोड, आंबटपणाचा मागमूस नसलेला मध कोणी पोयाचा म्हणून देत असेल तर तिथे जास्त प्रश्न विचारावेत. भाव जास्त आणि उत्पन्न कमी, त्यामुळे फसवणुकीला जागा आहे.

या मधात वेगळं असं काही खरंच आहे का?

आहे. २०२० साली क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलिया आणि मलेशियातल्या काही जातींचा मध तपासला. त्यात ट्रेहाल्युलोज नावाची साखर १०० ग्रॅम मधात १३ ते ४४ ग्रॅम इतकी निघाली. इतर अन्नात ती एवढ्या प्रमाणात क्वचितच आढळते. ही साखर शरीरात सावकाश मोडते, त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढत नाही.

याचा अर्थ मधुमेह असणाऱ्यांनी तो मनसोक्त घ्यावा असा अजिबात नाही. त्याच मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं आणि प्रत्येक जातीचं प्रमाण निराळं.

पूर्वापार हा मध कशासाठी वापरत आले आहेत?

या बाबतीत सर्वांत समृद्ध परंपरा मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या माया लोकांची आहे. तिथली मेलिपोना बीचेई ही माशी त्यांच्या भाषेत शुनान काब. ते तिला पोकळ ओंडक्यांत पाळत. ओंडक्याची दोन्ही टोकं दगडी किंवा लाकडी चकत्यांनी बंद आणि मधोमध एक छोटं भोक. लाकूड केव्हाच कुजून गेलं, पण या दगडी चकत्या उत्खननात मिळतात आणि तिथे मधुपालन होत होतं हे सांगतात. मायांच्या माद्रिद हस्तलिखितात मधमाश्यांची चित्रं असलेली पानं आहेत. सोळाव्या शतकात तिथे आलेल्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलं आहे की इथल्या माश्या लहान असून पोळी न करता मेणाचे अक्रोडाएवढे फुगे करतात आणि ते मधाने भरलेले असतात. बोळक्यांचं इतकं अचूक वर्णन आजही करता येणार नाही.

माया लोक या मधात एका झाडाची साल आंबवून बाल्चे हे विधींत वापरायचं पेय करत. बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून मध देत, जखमांवर लावत, खोकल्याला चाटवत आणि डोळ्यांच्या विकारांवर वापरत. स्पॅनिश सत्ता आल्यावर मध आणि मेण खंडणी म्हणून वसूल होऊ लागलं.

ब्राझीलमधल्या कायापो लोकांचं माश्यांविषयीचं ज्ञान डॅरेल पोझी या अभ्यासकाने १९८०च्या सुमारास नोंदवलं. घरट्याची जागा, तोंडाचा आकार, माशीचा वास, स्वभाव, मधाची चव यांवरून ते कित्येक जाती वेगळ्या ओळखतात. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना हा मध म्हणजे रानातला मोलाचा गोडवा. माशीच्या मागावर राहून, झाडाला कान लावून गुणगुण ऐकून ते घरटं शोधत.

उपयोग फक्त मधाचेच होते का?

माझ्या मते मेणाची आणि राळेची गोष्ट मधापेक्षा मोठी आहे, पण ती कोणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात भाल्याचं टोक दांड्याला पक्कं बसवायला हे मेण वापरलं जाई. डिजेरिडू या वाद्याच्या तोंडाला ओठ टेकतात तिथे त्याचंच कडं असतं. आर्न्हेम लँडमधल्या खडकांवर या मेणाच्या गोळ्या दाबून काढलेली चित्रं आहेत. रंगीत मातीच्या चित्राचं वय काढणं अवघड, पण मेणात कार्बन असल्याने त्याचं वय थेट मोजता येतं. तसं मोजल्यावर सर्वांत जुनी मेणचित्रं सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची निघाली.

कोलंबियातल्या मुइस्का लोकांच्या सोन्याच्या नाजूक मूर्ती आधी मेणात घडवून मग ओतलेल्या आहेत. युरोपीय लोक येईपर्यंत अमेरिकेत नांगीवाली मधमाशी नव्हती, म्हणजे ते मेण याच माश्यांचं. ब्रह्मदेशात तर घरट्यातली राळ होड्यांच्या फटी बुजवायला वापरत, ती प्वे-न्येत या नावाने ओळखली जाई.

जुन्या उपचारात आहे म्हणून डोळ्यात हा मध घालावा का?

घालू नये. घरट्यातून काढलेला मध निर्जंतुक नसतो. त्यात आंबवणारे जंतू आणि परागकण असतात. आम्लता आणि साखर यांमुळे मध कित्येक जीवाणूंना रोखतो हे प्रयोगशाळेत दिसतं, पण त्यावरून डोळ्याच्या औषधापर्यंत उडी मारता येत नाही. डोळा एकदा गेला की परत मिळत नाही. खोल किंवा चिघळलेल्या जखमेचंही तेच, ती डॉक्टरांना दाखवा. घसा धरल्यावर चमचाभर चाटायला मात्र मोठ्या माणसाला काहीच हरकत नाही.

एक वर्षाखालच्या बाळाला कुठलाही मध देऊ नका, पोयाचाही नाही. मधात बोट्युलिझमच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

एका घरट्यातून किती मध मिळतो आणि तो कसा काढावा?

लहान जातींच्या घरट्यातून वर्षाला काही शे ग्रॅम, फार तर किलोभर. मेलिपोनाच्या मोठ्या जाती काही किलो देतात. हा आकडा ऐकून निराश होणारे मग घरटंच फोडतात, आणि मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. ढोली फोडून पिळून काढलेला मध पराग, अळ्या आणि माती यांनी गढूळ होतो, लवकर नासतो, आणि त्या पावशेरासाठी अख्खी वसाहत मरते.

पेटीत पाळलेल्या माश्यांचा मध काढणं सोपं आहे. भरलेली, बंद बोळकी वरून टोचून स्वच्छ सिरिंजने किंवा छोट्या पंपाने मध ओढून घ्यायचा. परागाची बोळकी आणि पिलावा यांना हात लावायचा नाही. सांडलेला मध आणि फुटलेला पराग लगेच पुसायचा, कारण त्या वासावर फोरिड नावाच्या बारीक माश्या येऊन अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या वसाहत संपवतात. फुलोरा चालू असताना काढावा, निम्म्याच्या आसपास माश्यांना ठेवावा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि अधूनमधून झाकण सैल करा, नाहीतर आंबून आतला वायू झाकण उडवतो.

पिकांना यांचा उपयोग होतो का?

होतो. ऑस्ट्रेलियात मॅकाडेमियाच्या बागांत टेट्रागोन्युला फार कामाची ठरते. मेलिपोना फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते आणि टोमॅटोसारख्या फुलातला पराग झाडून घेते. हे नांगीवाल्या मधमाशीला जमत नाही. व्हॅनिलाचं परागण मेलिपोनाच करते असं सर्रास लिहिलेलं आढळतं, पण त्याला भक्कम पुरावा नाही. ते श्रेय बहुधा ऑर्किडवर जाणाऱ्या दुसऱ्याच मोठ्या माश्यांचं आहे.

या माश्या कमी होत आहेत का?

सगळीकडे सारखं चित्र नाही. काही जाती वस्तीत मजेत राहतात. पण युकातानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आधीच्या २५ वर्षांत मायांच्या एका भागातल्या मेलिपोना वसाहती ९३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. जंगलतोड, चक्रीवादळं, बाहेरून आलेल्या मधमाश्यांची स्पर्धा आणि पाळण्याचं कौशल्य पुढच्या पिढीकडे न जाणं ही तिथली कारणं.

भिंतीत घरटं आहे किंवा झाड पडून ढोली उघडी झाली आहे. काय करावं?

भिंतीतलं असेल तर राहू द्या. या माश्या भिंत पोखरत नाहीत, असलेली पोकळी वापरतात. रंगकाम करताना नळीवर रंग किंवा सिमेंट जाऊ देऊ नका आणि तोंडाजवळ कीटकनाशक फवारू नका.

झाड पडलं असेल तर ओंडका ज्या स्थितीत उभा होता तसाच उभा करा, उलटा किंवा आडवा ठेवू नका. फुटलेल्या जागा चिकटपट्टी किंवा ओल्या मातीने बुजवा आणि तोंड मोकळं ठेवा. त्याच जागी, सावलीत, पावसापासून आडोशाला दोन-तीन दिवस राहू द्या. माश्या आतून राळ फासून फटी स्वतः बंद करतील. दूर न्यायचंच असेल तर अंधार पडून सगळ्या परतल्यावर तोंडाला जाळी लावून न्या, आणि लहान जातींसाठी किमान एक किलोमीटर तरी अंतर ठेवा. त्याहून जवळ नेलं तर दुसऱ्या दिवशी कामकरी माश्या जुन्याच जागी परततील आणि रिकाम्या हवेत घर शोधत राहतील.